बेचाळीस बायका, पन्नास हजार रुपये आणि चार तपासण्या

प्रश्न असा आला आहे : "आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गट चालवतो. गेल्या वर्षी वाडीतली एक बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली. कळलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. म्हणून गटानं ५०,००० रुपये बाजूला काढले आहेत. यादीत ४२ जणी आहेत, वयं २२ ते ६६. आठ जणी तिशीच्या आतल्या, पाच जणींची पिशवी काढलेली, आणि दोघींना पाळी गेल्यावरही मधूनच रक्त जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हीआयए फुकट होते. लॅबनं दिलेले दर : साधी पॅप ४००, एलबीसी ९००, एचपीव्ही डीएनए १,६००. लॅबचा माणूस एलबीसी घ्या म्हणतो, ती लेटेस्ट पॅप आहे म्हणे. वटपौर्णिमेला शिबिर घ्यायचं चाललं आहे. यातली सगळ्यात चांगली तपासणी कुठली?"

ताई, आधी त्या दोघी. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर ती बाई शिबिरात बसवायची नाही. तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायचं. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं उपकरण, घालून डोळ्यांनी बघायला हवं आणि शंका आली तर तुकडा काढून बायोप्सीला पाठवायला हवा. व्हीआयए (व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं), साधी पॅप (पेशी खरवडून काचेवर बघणं), एलबीसी (द्रावणातून केलेली पॅप) आणि एचपीव्ही डीएनए (विषाणू शोधणं) या चारही तपासण्या काहीही त्रास नसलेल्या बायकांसाठी आहेत. कॅन्सरची गाठ उघड दिसत असताना पॅप कोरी येऊ शकते, कारण वरच्या थरात सडलेलं मांस, रक्त आणि पू एवढंच असतं आणि स्लाइडवरही तेवढंच उतरतं. असा 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन सहा महिने घरी बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या दोघींना याच आठवड्यात न्या.

आता उरल्या चाळीस. तिशीच्या आतल्या आठ जणींना यंदा काही करू नका. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो अनेकींना होतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. त्या वयात तपासलं की विषाणू सापडतो, घर घाबरतं आणि करायचं काहीच नसतं. अपवाद एकच. एखादी एचआयव्हीची औषधं घेत असेल तर तिची तपासणी पंचविशीपासून करायची असते. पण ते तिचं तिनं औषधं मिळतात त्या एआरटी केंद्रात बघावं, गटाच्या वहीत ते येता कामा नये.

पिशवी काढलेल्या पाच जणींची डिस्चार्ज कार्डं मागा. आपल्याकडे 'पिशवी काढली' एवढंच बाईला माहीत असतं. तोंडासकट, म्हणजे गर्भाशयमुखासकट, काढली की तोंड ठेवून, आणि कशासाठी काढली, हे कार्डावर असतं. गाठी किंवा जास्त अंगावरून जाणं यासाठी तोंडासकट काढली असेल तर तपासणीची गरज नाही. तोंड ठेवलं असेल किंवा बायोप्सीत काही वाईट निघालं असेल, तर ती यादीत राहते. पाचही जणींचं तोंडासकट निघालं आहे असं धरून चालू. म्हणजे हिशेबाला २७ जणी उरल्या. ६६ वर्षांच्या आजी यातच. पासष्टीनंतर तपासण्या थांबवतात त्या आधीच्या तपासण्या नीट झालेल्या बायकांच्या. जिची आयुष्यात एकही झाली नाही तिला वयावरून वगळू नका.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सव्वीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बायकांच्या स्लाइड बघते आहे. पॅपवर माझं पोट चाललं असं म्हटलं तरी चालेल. तरी सांगते : २७ जणींची एचपीव्ही डीएनए करा. सत्तावीस सोळाशे झाले ४३,२००. उरलेल्या ६,८०० ला हात लावू नका, ते कशाला लागणार ते पुढे येईलच.

आता कारणं.

गर्भाशयाच्या तोंडावर एक सीमारेषा असते. बाहेरची जाड कातडी आणि आतली नाजूक कातडी तिथे एकमेकींना भेटतात. विषाणू नेमका तिथे घर करतो. बहुतेक वेळा निघून जातो, पण काही जणींत ठाण मांडून बसतो आणि पेशी बिघडवायला लागतो. बिघाड सुरू झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. या इतक्या लांब रस्त्यावर कुठेतरी बाईला गाठायचं, एवढंच आपलं काम. व्हीआयएमध्ये कातडी बघतात, पॅपमध्ये पेशी बघतात, एचपीव्ही तपासणीत विषाणूच शोधतात. एलबीसी ही पॅपच आहे, फक्त पेशी काचेवर यायची वाट वेगळी.

पॅप ही जुनी आणि सन्मानाची गोष्ट. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४० च्या दशकात ती रुजली आणि ज्या देशांनी नेटानं, बायकांना पुन्हा पुन्हा बोलावून ती केली, तिथे या कॅन्सरचं प्रमाण खूप खाली आलं. 'पुन्हा पुन्हा' हा शब्द विसरू नका. एकट्या पॅपची पकड कमी आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार लागतील असे बिघाड असलेल्या १०० बायकांपैकी एका पॅपनं ५३ सापडल्या, एचपीव्ही तपासणीनं ९६. दर तीन वर्षांनी बाई येत राहिली तर एकदा सुटलेला बिघाड पुढच्या वेळी सापडतो, कारण रोग सावकाश चालतो. पण तुमच्या गावातली बाई दर तीन वर्षांनी टेबलावर चढणार आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

पॅप का चुकते हे मी आतून सांगू शकते, कारण चुकणाऱ्यांत मी आहे. लाकडी स्पॅट्युलानं तोंडावरच्या पेशी खरवडायच्या, काचेवर पातळ पसरायच्या आणि ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. मध्ये पंधरा-वीस सेकंद गेली तरी पेशी वाळतात, फुगतात, आणि चांगली पेशी वाईट दिसते, वाईट पेशी ओळखू येत नाही. शिबिरात एकीकडे रांग, एकीकडे सिस्टर एकटी, बाटलीतलं अल्कोहोल दुपारपर्यंत अर्धं उडून गेलेलं. नावं स्केचपेननं लिहिलेली, ती अल्कोहोलमध्ये विरघळलेली. एकदा बिस्किटाच्या डब्यातून साठेक स्लाइड आल्या, कागदात गुंडाळून, एसटीनं. निम्म्यांचं मी काहीच करू शकले नाही. आयोजकांनी फोनवर विचारलं, "मॅडम, नॉर्मलच लिहायचं ना?" नाही, वाचता न येणं म्हणजे नॉर्मल नव्हे. पॅपचे रिपोर्ट लिहायची जी ठरलेली बेथेस्डा पद्धत आहे, तिच्याप्रमाणे साध्या पॅपमध्ये निदान ८,००० ते १२,००० स्पष्ट दिसणाऱ्या पेशी हव्यात. त्या नसतील तर 'असमाधानकारक' लिहून परत मागवायची. परत मागवलेली बाई येत नाही, हे मला आणि आयोजकांना, दोघांनाही माहीत असतं.

आणि सगळं नीट असलं तरी शेवटी बघणारा माणूस असतो. एका स्लाइडवर लाखाच्या घरात पेशी, त्यात वाईट असल्या तर कधी पंधरा-वीस. अमेरिकेत तपासनिसाला दिवसाला १०० पेक्षा जास्त स्लाइड बघायला कायद्यानंच मनाई आहे, ती उगाच नाही. माझ्या कामाच्या सातव्या-आठव्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक गठ्ठा संपवायचा होता. त्यातली एक स्लाइड रक्तानं भरलेली, पेशी कमी. मी ती बादच करायला हवी होती. 'बिघाड आढळला नाही' असं लिहून पुढे गेले. तीन वर्षांनी त्याच बाईची बायोप्सी माझ्याकडे आली, कॅन्सरची. जुनी स्लाइड कपाटातून काढली. एका कोपऱ्यात, रक्ताच्या डागाखाली, सात-आठ पेशी होत्या. मोठी काळी केंद्रकं, काठ वेडेवाकडे. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. ती स्लाइड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तेव्हापासून कमी पेशींच्या स्लाइडवर मी नॉर्मल लिहिलेलं नाही.

आता एलबीसी. यात ब्रश थेट द्रावणाच्या बाटलीत खळबळतात, लॅबमध्ये मशीन रक्त आणि शेंबूड बाजूला करून पेशींचा एक पातळ गोल काचेवर उमटवतं. बघायला फार सुख. वाळण्याचा प्रश्न नाही, बाद स्लाइडी खूप कमी. इंग्लंडमध्ये चाचपणी झाली तेव्हा बाद होण्याचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून दीडेक टक्क्यावर आलं. शिवाय त्याच बाटलीत उरलेल्या द्रावणातून नंतर एचपीव्ही करता येते, बाईला परत बोलवावं लागत नाही. हा मोठा फायदा. पण ती 'जास्त पकडते' असं लॅबचा माणूस सांगत असेल तर तो चुकतो आहे. नीट केलेल्या साध्या पॅपशी मोठ्या अभ्यासांत तुलना झाली तेव्हा धोक्याचे बिघाड सापडण्यात फरक निघाला नाही. बघणारे डोळे तेच, मर्यादाही तीच. म्हणजे ९०० रुपयांत तुम्हाला स्वच्छ काच मिळते. साध्या पॅपला कंटाळलेल्या माझ्यासारखीला ती हवीच असते, पण बिल तुमचं आहे. आणखी एक बारीक गोष्ट : त्या द्रावणाच्या बाटल्या सहा आठवडे टिकतात, पण ३० अंशांच्या आत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीबद्दल मी हमी देणार नाही.

विषाणूच शोधायची कल्पना हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या कामातून आली. त्यांच्या प्रयोगशाळेनं १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार दाखवला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळेच जगातले सत्तर टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात. विषाणू नाही तर पुढची अनेक वर्षं कॅन्सर होण्याची शक्यता नगण्य, इतका हा संबंध पक्का आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए हीच पहिली तपासणी करा, तिशीपासून करा आणि निगेटिव्ह आली तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा असं सांगितलं. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आली तर तीनच वर्षांनी.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या मराठी मुलखातला आहे आणि आपल्याच लोकांना तो माहीत नसतो. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे गट पाडले. काहींत एचपीव्ही, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, तीही एकदाच. चौथ्या गटात फक्त माहिती. त्या चौथ्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आठ वर्षं बायकांवर लक्ष ठेवलं आणि २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंत ठाम म्हणता येईल अशी घट दिसली नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. तपासणी निगेटिव्ह आलेल्या बायकांत पुढे कॅन्सर किती झाले? वर्षाला लाखामागे पॅपमध्ये १५.५, व्हीआयएमध्ये १६, एचपीव्हीमध्ये ३.७. 'काही नाही' हा शब्द किती खरा, ते या आकड्यांत आहे. एकदाच तपासून घेऊन घरी जाणाऱ्या बाईला तोच शब्द घेऊन जायचं असतं.

यावर आरोग्य केंद्रातले डॉक्टर तुम्हाला मुंबईचा अभ्यास सांगतील आणि ते बरोबर सांगतील. टाटा मेमोरियलनंच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मग बार्शीला का नाही? मुंबईत ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, आणि करणाऱ्या बायकांना नीट शिकवून, त्यांच्या कामावर लक्ष ठेवून केली. व्हीआयए म्हणजे तोंडावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, आपलं व्हिनेगरच, लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का बघायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त, त्या पांढऱ्या पडतात. पण सूज असली तरी कातडी पांढरी होते. एकीला चट्टा दिसतो, दुसरीला नाही. आणि पाळी गेली की ती सीमारेषा आत सरकते, बाहेरून दिसतच नाही. तुमच्या २७ पैकी पन्नाशीच्या पुढच्या जणींना व्हीआयए करून 'निगेटिव्ह' सांगणं म्हणजे बंद दाराकडे बघून घरात कुणी नाही म्हणण्यासारखं आहे. फुकट आहे म्हणून ती टाकाऊ नाही. तिचं काम वेगळ्या ठिकाणी आहे, ते सांगते.

एचपीव्हीची उणी बाजू. ती विषाणू सांगते, रोग सांगत नाही. बार्शीच्या अभ्यासात सुमारे दहा टक्के बायका पॉझिटिव्ह निघाल्या. तुमच्या २७ त दोन-तीन निघतील असं धरा. त्यातल्या बहुतेकींना काहीही झालेलं नसेल. पण कुणाला झालं आहे हे बघायला दुसरी पायरी लागते. १६ किंवा १८ प्रकार निघाला तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तोंड बघणं आणि लागला तर तुकडा. दुसरा प्रकार निघाला तर आधी पॅप किंवा व्हीआयए, आणि त्यात काही असेल तर कॉल्पोस्कोपी. इथे आरोग्य केंद्राची फुकटची व्हीआयए कामाची, आणि इथे माझी पॅपही चांगली चालते. मला तुमच्या २७ स्लाइडी देण्यापेक्षा विषाणू सापडलेल्या दोन द्या, मी त्या तासभर बघेन. मोठ्या शहरांत पॅपवरच पी१६ आणि केआय-६७ या दोन प्रथिनांची दुहेरी रंगछटा करून निवड करतात. तुम्हाला त्याच्या मागे जायची गरज नाही.

लॅबला पैसे द्यायच्या आधी काही गोष्टी लेखी घ्या. फक्त धोक्याचे प्रकार तपासता का, आणि १६ व १८ वेगळे सांगता का. ६ आणि ११ हे प्रकार मस करतात, कॅन्सर नाही. त्यांचा रिपोर्ट घेऊन फुकटचा घोर. कुठली किट आहे आणि ती तपासणीसाठी प्रमाणित आहे का. कोविडनंतर तालुक्यातालुक्याला पीसीआर मशीन आलं आणि प्रत्येक लॅब काहीही तपासायला तयार असते. पण इथे जितकी संवेदनशील तितकी चांगली असं नसतं. दोन दिवसांचे पाहुणे असलेले मूठभर विषाणूही पकडणारी तपासणी बायकांना विनाकारण घाबरवते. चांगल्या किटची पातळी रोगाशी जुळवून ठरवलेली असते. आपल्या शेजारी गोव्यात वेर्ण्याला मोलबायो कंपनीची ट्रूनॅट आहे, क्षयरोगासाठी आरोग्य केंद्रांत असतं तेच छोटं मशीन. त्यावर एचपीव्हीची किटही चालते, आणि तिच्या मोठ्या आवृत्तीत सर्वांत धोक्याचे आठ प्रकार येतात. चौदा प्रकार तपासणाऱ्या किट बाजारात आहेत, पण त्या उरलेल्या सहांमुळे होणारे कॅन्सर थोडे. आठ की चौदा यावरून घासाघीस करू नका, १६-१८ वेगळे मिळतात का यावर करा. आणि 'रक्तातून गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी' असं कुणी पॅकेज विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण तुमच्या शिबिराचं गणित बदलेल : एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. कापसाच्या काडीसारखा मऊ ब्रश योनीत घालून फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. टेबल नको, स्पेक्युलम नको, अनोळखी डॉक्टरांसमोर पाय पसरणं नको. पीसीआर पद्धतीच्या किट असतील तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. पॅपला हे चालत नाही, तिथे तोंडावरच्याच पेशी लागतात. लॅबला विचारा, त्यांची किट स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी चालते का, आणि नमुन्यात बाईच्या पेशी खरोखर आल्या की नाही हे ती दाखवते का. चालत असेल तर शाळेच्या एका वर्गाला साडीचा पडदा लावून काम होईल. आमच्याकडच्या बायका लाजतात असं नव्हे. त्यांना वेळ नसतो, आणि आपली जागा दुसऱ्याच्या हातात द्यायचा कंटाळा असतो. पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नका, आणि आदले दोन दिवस योनीत ठेवायच्या गोळ्या नकोत.

वटपौर्णिमेचा बेत मात्र सोडा. कल्पना गोड आहे, फोटोही छान येतील. पण जूनला पाऊस लागतो, मागोमाग लावणी. रिपोर्ट येईपर्यंत बायका गुडघाभर चिखलात असतील आणि पॉझिटिव्ह आलेली बाई "गणपती होऊंदेत" म्हणेल. गणपती झाल्यावर कापणी. दिवाळीनंतर भात घरात आलं की घ्या, आंब्याची काढणी सुरू व्हायच्या आत दुसरी पायरीही उरकलेली असेल. घाटात दरडी नसतात, कोल्हापूरला जायचं झालं तरी सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. त्यासाठीच ते ६,८०० रुपये. पॉझिटिव्ह निघालेल्या दोघी-तिघींचं गाडीभाडं, कॉल्पोस्कोपी, सोबत जाणारीची एक दिवसाची मजुरी. तपासणीवर सगळे पैसे संपवून पुढचं बाईवर सोडणारी शिबिरं मी इतकी पाहिली आहेत की त्यापेक्षा न घेतलेली बरी असं मला कधीकधी वाटतं.

बिघाड निघालाच, तर उपचार छोटा असतो. तापलेल्या टोकानं ती जागा भाजायची किंवा तारेच्या वेटोळ्यानं तेवढाच भाग काढायचा. बहुतेकींना भूल देऊन झोपवावं लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते. फक्त एचपीव्ही पॉझिटिव्ह किंवा सौम्य बिघाड, एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तसंच पॅपवर 'इन्फ्लमेटरी' असं लिहून आलं की गावात हाय खातात. त्याचा अर्थ सूज, बस. मी स्वतः हा शब्द हजारो वेळा लिहिला आहे आणि त्यापायी बायकांनी गिळलेल्या गोळ्यांचा विचार मला करवत नाही.

राहिलं रिपोर्ट सांगणं, आणि हे लॅबपेक्षा अवघड. एचपीव्ही संबंधांतून येतो हे बाईनं कुठेतरी ऐकलेलं असतं. आपल्याकडे निम्मे नवरे मुंबईला किंवा बोटीवर. पॉझिटिव्ह शब्द घरात गेला की पहिला प्रश्न "कोणाकडून" असा येतो, आणि तो प्रश्न बाईलाच विचारला जातो. तिला आणि लागलं तर तिच्या नवऱ्याला सरळ सांगा : हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतो, अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, तो कधी आला हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. यावरून कुणाच्या वागण्याचा निवाडा होत नाही. एका शिबिराचे सगळे रिपोर्ट आयोजकांनी सोयीसाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकले होते. त्यातली एक मुलगी महिनाभर माहेरी जाऊन राहिली, आणि तिच्या दुर्बिणीच्या तपासणीत पुढे काहीच निघालं नाही.

म्हणून वही एकच ठेवा, ती एकीच्याच घरी, कुलपात. प्रत्येक नळीवर नाव नको, नुसता क्रमांक. वहीत नंबर लिहिताना घरातला जो फोन उचलेल तो नको, बाईला विचारा कुठला चालेल. बऱ्याच जणी माहेरचा सांगतात.